मोफत वाचनालयातली पुस्तकं टिकतात का?

प्रश्न : टिटवाळा पूर्वेला आमची साठेक घरांची सोसायटी आहे. दोन वर्षांपूर्वी पार्किंगमध्ये, पाण्याच्या पंपाच्या खोलीलगत आम्ही एक लोखंडी कपाट ठेवलं आणि ‘कुणीही न्यावं, वाचून परत ठेवावं’ अशी पाटी लावली. लोकांनी भरभरून पुस्तकं दिली. पण गेल्या पावसाळ्यात बऱ्याच पुस्तकांना बुरशी धरली आणि काही पुस्तकं तर रद्दीच्या दुकानात दिसली. आता काही सभासद म्हणतात कपाटाला कुलूप घाला, काही म्हणतात बंदच करून टाका. असं मोफत वाचनालय मुळात टिकतं का? आणि दान आलेली पुस्तकं जपायची तर कशी?
— एक वाचक, टिटवाळा

उत्तर : टिकतं. पण आधी ते कपाट पंपाच्या खोलीपासून हलवा. पाटी कुठली, नियम कोणते, कुलूप की उघडं, हे सगळं नंतर बघता येईल. पंपाच्या खोलीची भिंत बारा महिने ओल धरते, आणि टिटवाळ्यात जून ते सप्टेंबर हवेतही ओल असतेच. अशा जागी पुस्तक ठेवायचं म्हणजे ते भिजत घालण्यासारखंच आहे.

तुमच्या पत्रात दोन तक्रारी आहेत : बुरशी आणि चोरी. सभासदांची चर्चा चोरीवर अडली आहे. माझ्या मते नुकसान बुरशीनं जास्त केलंय. रद्दीत गेलेली पुस्तकं चार-दोन असतील. कुजलेली निम्मं कपाट आहेत. लोक नेतात त्यापेक्षा कुणीच नेत नाही म्हणून जास्त पुस्तकं मरतात, हा जुन्या ग्रंथालयांचाही अनुभव आहे. हातात येणाऱ्या पुस्तकाला वारा लागतो, त्याची पानं उघडतात, कसर दिसली तर वेळेत दिसते. खालच्या कप्प्यात दुसऱ्या रांगेत दाटीवाटीनं बसलेलं पुस्तक पावसाळाभर कुणी उघडत नाही. दिवाळीच्या साफसफाईत ते बाहेर निघतं तेव्हा बांधणीजवळ राखाडी-हिरवी लव चढलेली असते, पानं एकमेकांना चिकटलेली असतात आणि उघडताना कागदाचा थर सोलून येतो.

आता ‘मोफत वाचनालय टिकतं का’ या मूळ प्रश्नाकडे येऊ. तुमच्या भागात वाचनालयांची परंपरा मोठी आहे. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचं. ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ मध्ये सुरू झालं. ‘महाराष्ट्र सारस्वत’कार वि. ल. भावे त्याच्या संस्थापकांपैकी एक होते, आणि छापलेलं प्रत्येक मराठी पुस्तक एका ठिकाणी जमावं हा त्यामागचा ध्यास होता. ही वाचनालयं वर्गणी आणि अनामत यांवर उभी राहिली. अनामत म्हणजे पुस्तक परत येण्याची हमी. तुम्ही ती हमी काढून टाकली आहे. म्हणून तिच्या जागी काय ठेवायचं, हाच तुमचा खरा प्रश्न आहे.

त्याचं उत्तर शंभर वर्षांपूर्वी बडोद्यात सापडलेलं आहे. सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून संस्थानभर ग्रंथालयांचं जाळं विणायला घेतलं. सक्तीचं प्राथमिक शिक्षण तिथं आधीच आलं होतं. शिकलेल्या माणसाला गावात वाचायला काही नसेल तर तो चार वर्षांत अक्षरं विसरेल, असा तो सरळ विचार होता. जिथं वाचनालय उभं राहणं शक्य नव्हतं तिथं फिरत्या पेट्या जायच्या. भक्कम लाकडी पेटी, आत पंधरा ते तीस पुस्तकं, वाचकाला खर्च शून्य. पेटी गावातल्या एखाद्या जबाबदार माणसाच्या हवाली व्हायची. त्याच्याकडून लोकांनी पुस्तकं न्यायची, वाचून झाली की पेटी परत जायची आणि दुसरी यायची. अनामतीच्या जागी तिथं एक माणूस उभा होता. स्थायी वाचनालय हवं असेल तर गावानं आपला वाटा उभा करायचा, मग तेवढाच प्रांत पंचायतीनं आणि तेवढाच सरकारनं घालायचा. गावाचं काहीतरी त्यात गुंतलेलं असावं, हा आग्रह मला फार मोलाचा वाटतो.

त्याच सुमारास अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात ल्यूटी स्टर्न्स या ग्रंथपाल बाई अशाच पेट्या घेऊन खेडोपाडी फिरत होत्या. त्यांनी सुमारे १,४०० फिरती वाचनालयं उभी केली. पुढे त्याच विस्कॉन्सिनमधल्या हडसन गावात २००९ साली टॉड बोल यांनी शिक्षिका असलेल्या आपल्या आईच्या आठवणीसाठी जुन्या गॅरेजच्या दाराच्या फळ्यांतून शाळेच्या आकाराची छोटी पेटी बनवली, पुस्तकांनी भरली आणि अंगणात खांबावर उभी केली. त्यातून ‘लिटल फ्री लायब्ररी’ ही चळवळ उभी राहिली. आज जगभरात अशा लाखाहून अधिक पेट्या आहेत आणि बोल यांनी स्टर्न्सबाईंचं ऋण मानलेलं आहे. तुमचं पार्किंगमधलं कपाट याच घराण्यातलं आहे.

आणि योगायोग असा की त्याच २००९ साली नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानमधून विनायक रानडे यांनी ‘ग्रंथ तुमच्या दारी’ सुरू केलं. शंभर पुस्तकांची एक पेटी, पस्तीसेक वाचकांचा गट, वाचकाला एक पैसा द्यायचा नाही. ठरावीक महिन्यांनी पेट्यांची अदलाबदल होते, म्हणजे एका गटाची शंभर वाचून झाली की नवी शंभर दारात येतात. नाशिकमधून निघालेल्या पेट्या महाराष्ट्रात पसरल्या आणि परदेशातल्या मराठी कुटुंबांपर्यंत पोचल्या. या पेट्या देणगीच्या पैशातून, निवडून घेतलेल्या पुस्तकांनी भरल्या जातात. कुणाच्या माळ्यावरून उतरलेलं गाठोडं त्यात येत नाही. वाढदिवसाला, आईवडिलांच्या स्मृतीसाठी लोक पेटी देतात. आणि प्रत्येक पेटीमागे समन्वयक असतो.

पाचगणीजवळच्या भिलारला २०१७ मध्ये ‘पुस्तकांचं गाव’ झालं, तिथंही गमक तेच. सुरुवातीला पंचवीस ठिकाणी, बरीचशी लोकांच्या राहत्या घरांत, पुस्तकं ठेवली गेली. एका घरी कादंबऱ्या, दुसरीकडे बालसाहित्य, तिसरीकडे इतिहास. पुस्तकं तिथंच बसून वाचायची, मोफत. घरचा माणूस सकाळी कपाट उघडतो, वाचक गेल्यावर पुस्तक जागेवर लावतो. सरकारी योजना होती म्हणून नव्हे, घर होतं म्हणून पुस्तकं नीट राहिली.

ही चारही उदाहरणं मी एवढ्यासाठीच मांडली, की त्यांपैकी एकातही पुस्तकं बेवारस नाहीत. ‘कुणीही न्यावं’ ठीक आहे. पण ‘कुणीही बघावं’ म्हटलं की कुणीच बघत नाही. तुमच्या साठ घरांतून एक नाव ठरवा. सेवानिवृत्त शिक्षक असोत, दहावीनंतरच्या सुट्टीतली मुलगी असो, नाहीतर रोज संध्याकाळी खाली फिरायला येणाऱ्या आजी असोत. नाव पाटीवर लिहा. आठवड्यातून अर्धा तास कपाटासमोर उभं राहणं एवढंच त्यांचं काम : पुस्तकं हलवायची, फाटकी बाजूला काढायची, नवी आलेली चाळायची. दर सहा महिन्यांनी माणूस बदला, म्हणजे कुणाला ओझं होणार नाही.

कुलुपाबद्दल माझं मत स्पष्ट आहे : घालू नका. मध्ययुगीन युरोपात पुस्तकं फळीला साखळदंडानं बांधून ठेवत; इंग्लंडमधल्या हेरफर्ड कॅथेड्रलमध्ये तसं ग्रंथालय आजही पाहायला मिळतं. तेव्हा हातानं लिहिलेली एक प्रत करायला महिनेच्या महिने लागत, म्हणून त्या साखळीला अर्थ होता. आपल्या डॉ. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले त्यात पहिलाच नियम आहे, ग्रंथ हे वापरासाठी आहेत. टिटवाळ्याचा चाकरमानी पहाटेची लोकल पकडतो आणि अंधार पडल्यावर घरी येतो. किल्ली ज्यांच्याकडे आहे ते काका त्या वेळी जेवायला बसलेले असतात. कुलूप घातलंत तर वाचनालय फक्त दुपारी घरी असणाऱ्यांचं होईल, आणि सीएसएमटीपर्यंतच्या दोन-दोन तासांच्या प्रवासात ज्याला पुस्तक सर्वांत जास्त हवं असतं तोच बाहेर राहील.

रद्दीवर उपाय आहे. रबरी शिक्का करून घ्या : सोसायटीचं नाव आणि त्याखाली ‘मोफत वाचनासाठी, विक्रीसाठी नाही’. लिटल फ्री लायब्ररीवालेही याच अर्थाचा शिक्का मारतात. मुखपृष्ठाच्या आत मारलेला शिक्का पान फाडून काढता येतो, म्हणून ग्रंथपाल तोच शिक्का आत एका ठरलेल्या पानावरही मारतात; त्याला गुप्त पान म्हणतात. तुम्ही एकविसावं पान ठरवा, नाहीतर एकतिसावं. सगळ्या पुस्तकांना एकच. पुठ्ठ्याच्या आत पहिल्या कोऱ्या पानावर देणाऱ्याचं नाव लिहा. स्वतःच्या शेजाऱ्याचं नाव असलेलं पुस्तक किलोवर विकायला हात धजत नाही. मग जवळच्या रद्दीवाल्यांना एकदा भेटा, शिक्का दाखवा, असं पुस्तक आलं तर बाजूला ठेवा म्हणून सांगा. ते ठेवतात. त्यांनाही मुलं आहेत, त्यांच्यासाठीही कपाट खुलं आहे हे त्यांना सांगायला मात्र विसरू नका. एवढं करूनही काही पुस्तकं जातील. जाऊ द्या. एखाद्याच्या घरी राहिलेलं पुस्तक वाचलं जाण्याची शक्यता तरी आहे.

एक साधी वहीही ठेवा. दाखल क्रमांक, पुस्तकाचं नाव, देणाऱ्याचं नाव, तारीख. नेणाऱ्यानं नोंद केली तर उत्तम, नाही केली तरी हरकत नाही. पण काय आलं हे माहीत नसेल तर काय गेलं हे कधीच कळत नाही, आणि मग ‘सगळी चोरीला गेली’ अशी हवा उठते.

आता बुरशीबद्दल सविस्तर सांगतो, कारण टिटवाळ्यात मोफत वाचनालयाचं जगणं-मरणं त्यावरच ठरणार आहे.

बुरशीचे कण हवेत सर्वत्र असतात. हवेतली सापेक्ष आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर टिकून राहिली आणि हवा कोंडली, की ते कागदावर, खळीवर, कापडी बांधणीवर रुजतात. आपल्याकडे जुलैत आर्द्रता ८० च्या पुढेच असते. ती कमी करणं तुमच्या हातात नाही. हवा खेळती ठेवणं आहे. म्हणून कपाट भिंतीला टेकवू नका, वीतभर पुढे ओढा. बाहेरच्या बाजूची भिंत टाळा. लोखंडी कपाटाच्या मागच्या आणि वरच्या पत्र्याला भोकं पाडून आतून बारीक जाळी लावा. पुस्तकं ठासून भरू नका. मधून बोट फिरलं पाहिजे. काळू नदी तुमच्या गावाला किती जवळ आहे हे तुम्हाला मी सांगायला नको. २६ जुलै २००५ चा महापूर ज्यांनी कल्याण परिसरात पाहिला ते पार्किंगमध्ये खालच्या कप्प्यात काही ठेवणार नाहीत. कपाट पहिल्या मजल्याच्या जिन्याजवळ नेता आलं तर फारच छान. न्यायला जागाच नसेल तर खालचे दोन कप्पे रिकामे ठेवा.

बुरशी लागलेली पुस्तकं आत्ताच वेगळी करा, कागदी पिशवीत घाला, चांगल्या पुस्तकांच्या शेजारी ठेवू नका. ओल्या फडक्यानं पुसू नका, त्यानं बुरशी आत मुरते. आधी सावलीत, पंख्याखाली, पानं पंख्यासारखी उघडून पूर्ण सुकवा. मग तोंडाला मास्क लावून, गच्चीवर, मऊ ब्रशनं बांधणीकडून बाहेरच्या दिशेनं झटका. कडक उन्हात दिवसभर पसरू नका. विशेषतः पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या स्वस्त आवृत्त्यांचा कागद लाकडाच्या लगद्याचा, आम्लधर्मी असतो. ऊन त्याला आणखी पिवळा आणि ठिसूळ करतं. कोपरा दुमडला की तुकडा हातात येतो.

पुस्तक पूर्ण भिजलं असेल तर दोन दिवसांच्या आत हालचाल करावी लागते. त्यानंतर बुरशी धरू लागते. काही पानांआड टिपकागद किंवा साधा कोरा कागद घाला, दर काही तासांनी बदला. वर्तमानपत्र नको, त्याची शाई उतरते.

कसर आणि झुरळं बांधणीतली खळ खायला येतात. डांबर गोळ्या घालू नका. मुलं हाताळणाऱ्या कपाटात त्यांचा विषारी वास कोंडून ठेवणं मला मान्य नाही, शिवाय बुरशीवर त्यांचा उपयोग होत नाही. पूर्वी पोथ्यांच्या बासनात वेखंड ठेवत. वेखंडाचे तुकडे किंवा पूर्ण वाळलेला कडुनिंबाचा पाला मलमलीच्या पुरचुंडीत बांधून ठेवा. ओला पाला ठेवलात तर तोच ओल आणेल. एखाद्या पुस्तकात कीड दिसली तर ते प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून घरच्या फ्रीजरमध्ये पंधरवडाभर ठेवावं. किडे आणि अंडी दोन्ही मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका. पुस्तक खोलीच्या तापमानाला येईपर्यंत थांबा, नाहीतर पानांवर दव धरेल. वाळवी मात्र वेगळी : ती जमिनीतून, भिंतीतून येते. मातीची रेघ दिसली की पुस्तकं ताबडतोब हलवून भिंतीवर औषध मारून घ्यायला हवं.

फाटलेल्या पानाला सेलोटेप लावायची आपली सवय फार वाईट आहे. काही वर्षांत टेप गळून पडते आणि तिचा चिकट तपकिरी पट्टा अक्षरांवर कायमचा राहतो. मैद्याची पातळ खळ करा, पातळ पांढऱ्या कागदाची बोटभर पट्टी हातानं फाडून घ्या. कात्रीनं कापू नका, फाटलेल्या कडेचे तंतू पानात छान मिसळतात. पट्टी लावा, वर-खाली मेणकागद ठेवून जड पुस्तकाखाली रात्रभर दाबा. जुने बाइंडर खळीत मोरचूद घालत, कीड लागू नये म्हणून. ते विषारी आहे. मुलांच्या पुस्तकांना घालू नका.

आणि प्रत्येक पुस्तकाबरोबर एक झिपची प्लास्टिक पिशवी द्या. कसारा मार्गावरच्या गर्दीत छत्री, डबा आणि पुस्तक एकाच बॅगेत असतात. पुस्तक भिजतं ते बहुधा तिथंच.

प्रश्न : लोक काहीही आणून टाकतात. दहा वर्षांपूर्वीची गाईडं, कालबाह्य स्पर्धा परीक्षांची पुस्तकं, अर्धवट मासिकं. दान नाकारलं तर माणसं दुखावतात. काय करावं?
— त्याच सोसायटीतल्या एक वाचक

उत्तर : नाकारावंच लागतं, ताई, पण आधी सांगून. कपाटाच्या शेजारी ‘आम्हाला काय हवं’ असा कागद लावा : गोष्टी, कादंबऱ्या, चरित्रं, लहान मुलांची चित्रमय पुस्तकं, चांगल्या स्थितीतले दिवाळी अंक, शब्दकोश. दान थेट कपाटात टाकू देऊ नका. एका खोक्यात घ्या, आठवडाभर वेगळं ठेवा आणि कसर, ओल तपासूनच आत लावा. एका घरातली कसर सगळ्या कपाटाला लागायला तेवढं एक गाठोडं पुरतं.

चालू अभ्यासक्रमाची पाठ्यपुस्तकं मात्र जूनच्या आत घ्या आणि लगेच वाटून टाका. त्यांचा हंगाम छोटा असतो आणि गरज खरी असते.

एकाच पुस्तकाच्या पाच-सहा प्रती आल्या तर डोंबिवलीकडे बघा. तिथं पै फ्रेंड्स लायब्ररीनं पुस्तक आदान-प्रदानाचे मोठे उपक्रम केले आहेत : वाचलेलं, सुस्थितीतलं पुस्तक आणायचं आणि त्या बदल्यात दुसरं न्यायचं. तुम्ही तेच शेजारच्या चार सोसायट्यांत छोट्या प्रमाणात करा. १५ ऑक्टोबर, म्हणजे डॉ. कलामांची जयंती, आपल्याकडे वाचन प्रेरणा दिन म्हणून पाळला जातो. तेव्हा पाऊसही ओसरलेला असतो. त्या दिवशी चारही कपाटांतली पुस्तकं बाहेर काढा, झटका, मोजा आणि पन्नास-पन्नास पुस्तकांची अदलाबदल करा. वाचकाला दरवर्षी नवं कपाट मिळेल आणि पुस्तकांना वर्षातून एकदा मोकळी हवा.

गाठोड्यात खूप जुनं काही निघालं तर ते मोफत कपाटात ठेवू नका. १८६७ पर्यंत छापलेल्या मराठी पुस्तकांना दोलामुद्रितं म्हणतात. ती दुर्मीळ आहेत. एकोणिसाव्या शतकातलं साल दिसलं, की शं. ग. दाते यांच्या मराठी ग्रंथसूचीत त्याची नोंद पाहता येते. ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयाशी किंवा कल्याणच्या सार्वजनिक वाचनालयाशी बोला, आणि देणाऱ्या कुटुंबाला विचारून ते पुस्तक तिकडे सुपूर्द करा.

प्रश्न : एखादं चांगलं पुस्तक फाटून गेलं आणि बाजारात मिळत नसेल तर त्याची झेरॉक्स काढून कपाटात ठेवली तर चालते का? मोबाईलवर पीडीएफ पाठवली तर?

उत्तर : विकत घेतलेलं किंवा दान मिळालेलं पुस्तक कितीही जणांना वाचायला द्या, त्याला कायद्याची आडकाठी नाही. प्रत काढणं ही वेगळी गोष्ट. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात, भारतात विक्रीला उपलब्ध नसलेल्या पुस्तकाच्या जास्तीत जास्त तीन प्रती विनानफा सार्वजनिक ग्रंथालयाला स्वतःच्या वापरासाठी काढता येतात, अशी सवलत आहे. सोसायटीचं कपाट त्या व्याख्येत बसतं असं गृहीत धरू नका; तसं पुस्तक नोंदणीकृत वाचनालयाला द्या, ते ही सवलत वापरू शकतात. दुकानात मिळणाऱ्या पुस्तकाची पीडीएफ गटावर फिरवणं मात्र चूकच. मराठी लेखकाला आधीच फार थोडं मानधन मिळतं, तेही त्यातून जातं.

लेखकाच्या निधनाला साठ वर्षं उलटली की, त्याच्या हयातीत छापलेलं पुस्तक सर्वांसाठी खुलं होतं. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणून ‘श्यामची आई’ २०११ पासून कुणीही छापू शकतं, वाटू शकतं. तुमच्याकडची प्रत झिजली असेल तर ती तशीच ठेवू नका. मोठ्या अक्षरांत नवी छापून, पक्की बांधणी करून घ्या आणि खालच्या वर्गातल्या मुलांच्या हाताला येईल अशा कप्प्यात ठेवा.